शेवटची पाच अक्षरं

डिस्कवाल्याबद्दल बाइंडरला खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. दुकान आवरायला आलेल्या भाच्याने "तुम्ही मामांचे मित्र ना?" असं विचारलं, तेव्हा तो हो म्हणायला गेला आणि जीभ अडली. साडेतीन महिने, आठवड्यातल्या पाच दुपारी गुडघ्याला गुडघा लावून बसलेला माणूस. पण तो राहायचा कुठे, घरी कोण होतं, लग्न केलं होतं की नाही, डबा कोण करून द्यायचं, यातलं एकही सांगता येईना. भाच्याने आणखी दोन-तीन गोष्टी विचारून पाहिल्या. मामा तब्येतीचं काही बोलले होते का? नाही. दुकानाचं पुढे काय करायचं म्हणत होते? ठाऊक नाही. शेवटी भाच्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि त्याने फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढून बाइंडरच्या हातात दिली. पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाइंडर काका. आक्कांचं गाव." म्हणजे बाइंडरचं नाव डिस्कवाल्यालाही ठाऊक नसावं. फिट्टंफाट झाली म्हणायची.

दुकान मार्केटच्या जिन्याखाली होतं. रस्त्यावरून अकरा पायऱ्या उतरायच्या, उजवीकडे किल्ल्या बनवणारा, डावीकडे कायमचं कुलूप लागलेला फोटो स्टुडिओ, आणि समोर हा. दारावर पाटी नव्हती. एकेकाळी गेमच्या डिस्क भाड्याने द्यायचा म्हणून लोक डिस्कवाला म्हणत. धंदा बसला, नाव तेवढं राहिलं. आता गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलची फुटलेली काच घेऊन, आणि तो त्यांना हाताने वरचा मजला दाखवायचा. स्वतः जुन्या यंत्रांत बसलेला. वय पंचावन्नच्या आसपास असेल. एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, आणि यंत्रांशी बोलताना सगळं अहो-जाहो. "चला, उठा आता," असं म्हणून कॉम्प्युटर चालू करायचा, आणि तो अडकला की "काय झालं, पाणी हवं का?" असं विचारायचा. गिऱ्हाइकाला मात्र एवढा मान नसायचा.

मागच्या फळीवर पंधरा-सोळा डिस्क ड्राइव्ह ओळीने मांडलेले होते, आणि प्रत्येकाला नाव. जी ओरखडा दिसला की डिस्क बाहेर फेकते ती 'विहीणबाई'. जो आवाज न करता तासभर विचार करतो आणि शेवटी काहीच सांगत नाही तो 'मोठे काका'. आणि जिचा घरघराट किल्लीवाल्याच्या दुकानात ऐकू जातो, पण जी कसलीही फाटकी-तुटकी डिस्क पोटाशी धरते, ती 'आत्याबाई'.

बाइंडर तिथे गेला तो त्याच्या आक्कासाठी. आक्का त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरची. सारी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. स्वतःचं घर असं झालंच नाही, निवृत्त झाल्यावर भावाकडे येऊन राहिली. करमणूक म्हणून कुणीतरी तिला एक गेम आणून दिला. नदीकाठची मोकळी जमीन, तिच्यावर आपण गाव वसवायचं. दोन डिस्क आणि एक पुस्तिका. सुरुवातीला आक्काला माउस धरता येत नव्हता, आणि वर्षभरात तिने गावाला नळ आणले. अकरा वर्षं ती ते गाव वाढवत होती. दोनशे बारा घरं झाली. कोपऱ्यातल्या एका घराला तिने बाइंडरचा पुस्तकबांधणीचा कारखाना ठरवलं होतं आणि त्याच्यासमोर मुद्दाम झाड लावलं होतं, कारण खऱ्या कारखान्यात ऊन फार येई. मग नदीवर पूल बांधायला घेतला. सहा कमानींचा. पाच झाल्या आणि कॉम्प्युटर एक दिवस धूर काढून बंद पडला. दुरुस्तीवाल्याने गाव तेवढं एका पेनड्राइव्हवर काढून दिलं, आणि कॉम्प्युटर बाइंडरने स्वतःच्या हाताने भंगारात घातला. पेनड्राइव्ह घराच्या किल्ल्यांबरोबर खिळ्याला टांगून राहिला. आणखी आठ वर्षं गेली.

यंदा आक्काचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, मधली नजर जाईल, कडेची राहील. सहा महिने धरा, कदाचित कमी. रिक्षातून दोघं घरी आली. जिना चढून झाल्यावर दार उघडायला किल्ल्या घेतल्या, तेव्हा आक्का पेनड्राइव्ह हातात धरून म्हणाली, "धाकट्या, एक कमान राहिलीय. तेवढी घालून टाकते."

हे सगळं बाइंडरने पहिल्या दिवशी डिस्कवाल्याला सांगितलं नाही. तो इतकंच म्हणाला की हा गेम घालून हवाय. डिस्कवाल्याने डिस्क उजेडात तिरकी धरली, हुंगल्यासारखी नाकाजवळ नेली आणि म्हणाला, "बघू."

होईल किंवा होणार नाही, असं तो कधीच म्हणायचा नाही, हे बाइंडरला पुढे कळलं.

नव्या कॉम्प्युटरने तर दारातूनच परत पाठवलं. हा प्रोग्रॅम या यंत्रासाठी नाही, एवढं एक वाक्य. डिस्कवाल्याने टेबलाखालून एक पिवळट पडलेलं जुनं यंत्र ओढून काढलं. असल्या कामासाठी सांभाळलेलं ते एकच होतं. त्याने डिस्क ओळखली, इन्स्टॉल सुरू केलं आणि बरोबर त्रेसष्ट टक्क्यांवर येऊन बसलं. पुन्हा लावलं, पुन्हा त्रेसष्ट. डिस्कवाल्याने ती कोमट पाण्याने धुतली, मऊ कापडाने मधून बाहेर अशी पुसली. गोल गोल पुसायची नाही, हे त्याने बाइंडरला दोनदा बजावलं. विहीणबाईंनी फेकली. मोठे काका तासभर विचारात पडले. आत्याबाईंनी घरघराट करत धरली आणि त्रेसष्टवरून चौसष्टवर नेली, तेव्हा दोघंही खुर्चीच्या कडेवर आले होते. अशी एकेक टक्का चढत, मध्येच पाय घसरून पुन्हा पहिल्यापासून, तीन आठवडे गेले. बाइंडर रोज तीन वाजता जायचा आणि पाचला उठायचा. त्या वेळात दुकानात चिटपाखरू नसायचं.

एका दुपारी शंभर टक्के झाले. आणि पडद्यावर चौकट आली: पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा नंबर टाका.

पुस्तिका बाइंडरच्या पिशवीत होती आणि ती कशी आहे हे त्याला ठाऊक होतं.

पुस्तिकेची पानं पूर्वी सुटायला लागली, तेव्हा त्यानेच ती आक्काच्या नकळत कारखान्यात नेली होती. उलगडून शिवली, पाठीला कापड लावलं, जाड पुठ्ठा घातला, वर आक्काच्या आवडीचा निळा कागद. आणि पुस्तक बांधून झाल्यावर चाळीस वर्षांच्या सवयीने तिन्ही बाजू कटिंग मशीनखाली घालून साफ केल्या. कडा वेड्यावाकड्या ठेवलेलं पुस्तक त्याच्या हातून कधी बाहेर गेलं नव्हतं. आक्का तेव्हा इतकी खूष झाली की तिने ते शेजारणीला दाखवलं. शेवटच्या पानावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट एकाखाली एक छापलेले होते. चार शाबूत होते. पाचव्याच्या मधून मशीनचं पातं गेलं होतं. अक्षरांचे फक्त माथे राहिले होते.

डिस्कवाल्याने पान निरखून पाहिलं. कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर गेला.

"कशाने झालं हे?" त्याने विचारलं.

"जुनी वस्तू आहे," बाइंडर म्हणाला.

डिस्कवाला हूं म्हणाला आणि त्याने पुस्तिका मिटली.

त्याने काय काय करून पाहिलं, ते सगळं बाइंडरला समजलं असं नाही. गेम काढणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न मिटला. तोच गेम नंतर दुसऱ्या कुणीतरी नव्याने काढला होता. तो मिळवला, पण त्याने आक्काचं गाव उघडायला साफ नकार दिला. जुन्या घडणीचं गाव त्याला वाचता येईना. खोटे नंबर बनवणारा एक प्रोग्रॅम त्याने इंटरनेटवरून उतरवला, त्याने नंबर दिला नाही, व्हायरस दिले. दोन दिवस ते झाडण्यात गेले. एका गिऱ्हाइकाने सुचवलं की सगळे नंबर आपोआप टाकून बघणारा प्रोग्रॅम लिहा. त्यावर डिस्कवाला म्हणाला, "ते लिहिणारे वेगळे, साहेब. मी पेचकसवाला." किल्लीवाल्याला यातलं अर्धंच कळलं होतं. तो जाता-येता डोकावून म्हणायचा, "चोवीस तासांत बनवून देतो, फक्त कुलूप आणा."

मग राहिला एकच मार्ग. माथे बघून अक्षरं ओळखायची.

इथे बाइंडर उपयोगी पडला. आयुष्यभर छापील कागद हाताळलेला माणूस. भिंगातून बघून तो सांगायचा की ही वरची रेघ सपाट आहे आणि डावीकडे दांडा आहे, म्हणजे ई किंवा एफ. हा माथा गोल आहे, म्हणजे दोन, तीन, आठ, नऊ, नाहीतर सी, जी, एस. शून्य आणि ओ या नंबरांत घालत नाहीत, लोकांचा घोटाळा होतो म्हणून, ही माहिती डिस्कवाल्याची. दोघांनी मिळून यादी केली. पहिल्या अक्षराच्या दोन शक्यता, दुसऱ्याच्या सात, तिसऱ्याच्या नऊ, चौथ्याच्या सात, पाचव्याच्या चार. डिस्कवाल्याने गुणाकार केला: तीन हजार पाचशे अठ्ठावीस. आणि तीन वेळा नंबर चुकला की चौकट बंद, पुन्हा डिस्क फिरायची, पुन्हा चार मिनिटं. तेही आत्याबाईंची मर्जी असेल तर.

"चाळीस दुपारी," डिस्कवाला म्हणाला. "फार तर पन्नास. बघू."

तेव्हा कुठे बाइंडरने त्याला आक्काचं सांगितलं. डोळ्यांचं, कमानीचं. डिस्कवाल्याने ऐकून घेतलं, एक वही काढली, तिच्यावर समास आखला आणि पहिला नंबर लिहिला.

पुढच्या दुपारी एकसारख्या होत्या, त्यामुळे त्यांचं वेगळं असं काही सांगता येत नाही. बाइंडर वाचायचा, डिस्कवाला टाकायचा. नंबर चुकीचा आहे, कृपया पुन्हा टाका, असं पडदा इंग्रजीत नम्रपणे सांगायचा. वहीत फुली. डिस्क फिरायची तेवढ्या चार मिनिटांत थोडं बोलणं व्हायचं, तेही यंत्रांचंच. एकदा मात्र बाइंडरने विचारलं की तुम्ही कुणाला 'नाही' का म्हणत नाही. डिस्कवाल्याने सांगितलं की पूर्वी म्हणायचा. एक बाई डिस्क घेऊन आल्या होत्या, त्याने बघितलं आणि होणार नाही म्हणून परत दिली. बाईंनी ती त्याच्यासमोर पायऱ्यांवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. जेवताना त्याला उपाय सुचला. हात धुऊन परत आला तोवर डबा रिकामा झाला होता. "काय होतं त्या डिस्कवर?" बाइंडरने विचारलं. "तेच विचारलं नव्हतं," डिस्कवाला म्हणाला आणि पुढचा नंबर मागितला.

घरी आक्का रोज विचारायची, "कुठवर आलं?" बाइंडर आकडा सांगायचा. आठशे. हजार. ती मान हलवायची, एक्स्चेंजमध्ये लांबचा कॉल लागेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून धरायची तशा आवाजात म्हणायची, "लागेल." नंबर कोणी कापला हे तिला ठाऊक नसावं, आणि बाइंडरच्याने सांगवेना.

एका रविवारी त्याला आठवलं की कापलेल्या कागदांच्या पट्ट्या तो टाकून देत नसे. लहान पुस्तकांच्या पाठीला आतून अस्तर म्हणून चिकटवायचा. ती पट्टी तशी कुठेतरी असेल. घरात त्याने बांधलेली एकोणीस पुस्तकं होती. आक्का झोपली होती, तेवढ्यात त्याने चाकू घेऊन एकेक पाठ उलगडायला सुरुवात केली. सरस चांगला होता, एकही पाठ सहज सुटेना. याचा एरवी त्याला अभिमान वाटला असता. आत लग्नपत्रिकांचे तुकडे निघाले, जुन्या वहीचा समास, औषधाच्या जाहिरातीची कड. नंबर नव्हता. आक्का उठून आली तेव्हा तो फाडलेल्या पुस्तकांच्या मधे बसला होता. तिने जमिनीकडे पाहिलं, मग मान जरा वळवून बाजूच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय पसरलंयस रे? मला आता सरळ बघितलं की दिसत नाही."

अशी तिने ती बातमी दिली. आठवडा झाला होता म्हणे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं, आजूबाजूचं दिसतं. डॉक्टरांनी सहा महिने म्हटलं होतं, अजून तीनही पुरे झाले नव्हते.

"म्हणजे गाव?" बाइंडरने विचारलं.

"भिंतीकडे बघितलं तर गाव दिसेल. गावाकडे बघितलं तर काही नाही," आक्का म्हणाली, आणि स्वतःच थोडी हसली. "पूल कसा बांधणार तसा?" मग खाली बसून हाताने चाचपत ती पुस्तकं गोळा करू लागली. "त्या दुकानवाल्याला बोलू नकोस. इतकं करतोय, हात आखडेल त्याचा."

बाइंडर बोलला नाही. सोमवारी तीनला गेला आणि नंबर वाचू लागला. आता हे कशासाठी, असं मनात यायचं. पण न जाण्यासाठी खरं सांगायला लागलं असतं, आणि त्यापेक्षा जाणं सोपं होतं. की दुसरंच काही असेल, त्याला नीट सांगता येत नाही. ई संपला. सतराशे चौसष्ट फुल्या. एफ सुरू झाला.

डिस्कवाल्यात काही फरक पडत होता का? नंतर भाच्याने विचारल्यावर बाइंडरने खूप आठवून पाहिलं. चहा सांगायला वर जाताना तो सहाव्या पायरीवर थांबायचा, कठड्याला धरून, जणू काही विसरलंय. बाइंडरला वाटलं, गुडघे. स्वतःचे दुखायचे म्हणून तेच सुचलं. नंतर नंतर चहा किल्लीवालाच आणून द्यायचा. एक-दोनदा डिस्कवाल्याने छातीवर तळवा ठेवला होता, पण सदऱ्याच्या खिशात पेचकस असायचा, तो चाचपत असेल. विचारायला हवं होतं. समोरासमोर बसलेल्या माणसाला एवढं विचारायला काही लागत नाही.

त्याऐवजी एका दुपारी, डिस्क फिरत असताना, बाइंडर वेगळंच बोलून गेला. "ती ओळ मीच कापली," तो म्हणाला. "मशीनवर. पुस्तिका छान दिसावी म्हणून."

"ठाऊक आहे, काका."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशीच. उंदीर इतकं सरळ खात नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून ओळ वाढली असती का?" डिस्कवाला म्हणाला. आत्याबाईंचा घरघराट थांबला, चौकट आली, आणि त्याने बोटं कळांवर ठेवली. "हं. सांगा."

आक्काची नजर गेलीच आहे, हेही तेव्हाच सांगून टाकावं असं बाइंडरला वाटलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आक्काने बजावलं होतं, आणि नंबर वाचायचा होता.

डिस्कवाला गेला तो रविवारी. शनिवारी सकाळी किल्लीवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं होतं. सोमवारी तीन वाजता बाइंडर अकरा पायऱ्या उतरला आणि शटर बंद बघून तिथेच थांबला. किल्लीवाला बाहेर आला आणि त्याने सांगितलं. आठवड्याने बाइंडरची भाच्याशी गाठ पडली तोवर जिन्याखालची बरीचशी जागा रिकामी झाली होती. विहीणबाई, आत्याबाई, मोठे काका, ते पिवळट यंत्र, सगळं वजनावर गेलं होतं. भाच्याचा त्यात दोष नव्हता. बाइंडरने तरी आपला कॉम्प्युटर कुठे घातला होता? पिशवीत दोन डिस्क होत्या, निळी पुस्तिका, पेनड्राइव्ह आणि वही. वहीत सव्वीसशेच्या वर फुल्या. उरलेल्या नऊशेंत तो नंबर असणार, पण तो टाकायला आता यंत्र नव्हतं, आणि बघायला डोळे नव्हते. आक्काने पिशवी मांडीवर घेतली. पुस्तिकेच्या गुळगुळीत कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली की कापलीय मात्र सुरेख. तिला कोणी सांगितलं होतं, की तीही पहिल्यापासून जाणून होती, हे बाइंडरने विचारलं नाही.

त्याला आठवत राहतो तो आधीचा शुक्रवार. पाच वाजले होते. डिस्कवाल्याने यंत्राला "बसा आता" म्हणून बंद केलं होतं आणि शटर अर्धं खाली ओढलं होतं.

"कुठवर आलो, काका?"

"एफ, नऊ, के. पुढचं सोमवारी."

"सोमवारी आत्याबाईंना जरा आराम देऊ. विहीणबाईंना विनवून बघतो."

"बरं." बाइंडर निघाला आणि टेबलाकडे बघून थांबला. "चष्मा विसरलात तुमचा."

"तुमचाच आहे तो."

"हो की," बाइंडर म्हणाला आणि चष्मा घेतला. "येतो मग."

"या."